आवाज आणि शिकवण

१

गाणे शिकवता येते, याविषयी आपल्याकडे कोणाला शंका नाही. स्वरस्थाने दाखवता येतात, लय अंगात मुरवता येते, श्वास कोठे घ्यावा आणि कोठे राखून ठेवावा हे सांगता येते. बंदिशींचा साठा एका पिढीला दुसऱ्या पिढीच्या स्वाधीन करता येतो. पण ज्या गाण्यात गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, तर बाकी सारे बिनचूक असूनही ते फोल ठरते, असे गाणे शिकवता येते काय? आणि येत असेल, तर शिकवणाऱ्याने आपल्या आवाजाचे काय करायचे? तो पुढे ठेवावा, तर शिष्याच्या गळ्यात तोच उतरण्याची भीती. मागे ठेवावा, तर शिकवायला हाती उरते काय?

हा प्रश्न वरवर संगीतशास्त्राचा वाटतो. मला तो मूलतः नीतीचा वाटतो. शिकवणे म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या घडणीत हात घालणे. शिल्पकाराला दगडाची परवानगी घ्यावी लागत नाही. शिष्य मात्र स्वतःहून येऊन समोर बसतो; आपला गळा, आपली बुद्धी, आपले कोवळे वय विश्वासाने आपल्या हाती देतो. त्या विश्वासाचे नेमके काय करावे हे सांगणारा नियम कोठेही लिहिलेला नाही. वर्गात तीस वर्षे मराठी साहित्य शिकवल्यानंतर हा प्रश्न माझ्यासमोर ज्या रीतीने उभा राहिला, ते मी पुढे सांगणारच आहे. त्याआधी एका परदेशी गायिकेची हकीकत सांगितली पाहिजे, कारण या प्रश्नाचा विचार मला तिच्या आयुष्याच्या आधारानेच करता आला.

ही गायिका जॅझ संगीतातली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांतून हे संगीत घडवले. त्यात धून सर्वांच्या परिचयाची असते, तिच्या मागची स्वरसंगतीची चौकटही ठरलेली असते. परंतु त्या चौकटीत उभे राहून वादकाने वा गायकाने त्या क्षणी, त्या श्रोत्यांसमोर, काहीतरी आपले म्हणायचे असते. लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२६ साली ‘हीबी जीबीज’ या ध्वनिमुद्रिकेत शब्द बाजूला ठेवून निव्वळ निरर्थक अक्षरे गायिली आणि गळा हेही एक वाद्य असू शकते, हे हजारो घरांत पोचवले. आपल्याला तराण्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. तेव्हापासून जॅझमधल्या गाणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी आली: त्याने कवितेसारखे शब्द सांभाळायचे आणि वादकासारखा त्यांचा त्यागही करायचा. दुसऱ्याची नक्कल करणारा कितीही तयारीचा असला, तरी या दरबारात त्याला खालचे आसन. म्हणून ‘स्वतःचा आवाज’ हा शब्दप्रयोग अन्य कलांत अलंकारिक असेल. जॅझमध्ये तो प्रवेशाची अटच आहे.

२

शीला जॉर्डन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२८ रोजी डिट्रॉइट शहरात झाला. आईच्याने मुलीचे पालनपोषण होईना, म्हणून पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींच्या मुलखात आजी-आजोबांकडे तिची रवानगी झाली. घरात दारिद्र्य होते आणि दारूही होती. भीती वाटली की ती मुलगी गात असे. पुढे मोठेपणी त्यांनी आपल्या गाण्याचे मूळ सांगताना याच भीतीकडे बोट दाखवले. खाणीतल्या कामगारांच्या वस्तीतली एक भेदरलेली पोर गाते, तेव्हा तिच्या मनात कला नसते, कीर्ती तर नसतेच. अंधारातून जाताना माणूस स्वतःलाच आपला आवाज ऐकवतो, तसे ते गाणे. मला वाटते, पुढच्या साऱ्या प्रयोगशीलतेची मुळे येथेच शोधावी लागतील.

किशोरवयात ती पुन्हा डिट्रॉइटला आली. शाळेसमोरच्या खाणावळीतल्या ज्यूकबॉक्समध्ये पाच सेंटचे नाणे टाकून एके दिवशी तिने चार्ली पार्कर यांची एक तबकडी ऐकली आणि पहिल्या काही स्वरांतच आपण आयुष्यभर कोणते संगीत गाणार, हे तिला उमगले. पार्कर तेव्हा पंचविशीचे होते. न्यूयॉर्कमधले त्यांचे अतिद्रुत, अनपेक्षित वळणांचे सॅक्सोफोनवादन बुजुर्गांना अद्याप पचत नव्हते. या मुलीने दोन कृष्णवर्णीय तरुण गायकांबरोबर मेळ जमवला आणि पार्करच्या वादनावर शब्द बसवून ती तिघे गाऊ लागली.

याच डिट्रॉइटमध्ये १९४३ साली वांशिक दंगल होऊन चौतीस माणसे प्राणांस मुकली होती. अशा शहरात गोऱ्या मुलीने काळ्या मित्रांबरोबर फिरणे हाच अपराध होता. पोलीस अडवत, दरडावत. पुढे न्यूयॉर्कला गेल्यावरही अशाच कारणावरून त्यांच्यावर रस्त्यात हल्ला झाला. म्हणजे आपला आवाज शोधताना त्यांना पहिले पाऊल टाकावे लागले, ते ‘आपली’ म्हणून जन्माने मिळालेली वस्ती ओलांडून.

येथे पहिली नैतिक अडचण उभी राहते, आणि तिला वळसा घालून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुलामगिरीच्या आणि तिच्या नंतरच्या अपमानांच्या अनुभवातून एका समाजाने जे संगीत निर्माण केले, त्यावर त्या समाजाबाहेरच्या व्यक्तीचा अधिकार कोणता? अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी निर्माण केलेल्या संगीतावर गोऱ्यांनी पैसा आणि मान मिळवल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कलेला जात नसते, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणारे लोक बहुधा ज्यांचे काही हिरावले गेलेले नाही असेच असतात. शीला जॉर्डन यांनी तसे केले नाही. हे संगीत आपल्या हाती आले आहे आणि ते पुढे पोचवायचे आहे, अशी निरोप्याची भूमिका त्यांनी स्वतःकडे घेतली. पार्करचे नाव त्या शेवटपर्यंत आपला गुरू म्हणून घेत राहिल्या. निरोप्या निरोपाचा मालक नसतो. पण निरोप प्रामाणिकपणे पोचवायचा, तर त्याला स्वतःच्याच तोंडाने बोलावे लागते. ऋण मान्य करणे आणि स्वतःचे बोलणे यांत विरोध नाही, हे मला येथे प्रथम जाणवले.

पार्कर यांनी या तरुण मुलीविषयी काढलेले उद्गार त्या पुढे नेहमी सांगत. तिच्या गळ्याची वाखाणणी त्यांनी केली नव्हती. त्यांनी वाखाणले ते तिचे कान. लाखमोलाचे कान आहेत, अशा अर्थाचे ते शब्द होते. गायिकेला मिळालेली पहिली मोठी पावती ऐकण्याबद्दलची असावी, हे विचार करण्यासारखे आहे. या निबंधाच्या अखेरीस मला तेथेच परत यायचे आहे.

३

१९५०च्या दशकाच्या आरंभी त्या न्यूयॉर्कला आल्या. पार्करचे पियानोवादक ड्यूक जॉर्डन यांच्याशी त्यांचे लग्न झाले, एक मुलगी झाली, लग्न टिकले नाही. याच काळात लेनी ट्रिस्टानो यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. ट्रिस्टानो हे अंध पियानोवादक. जॅझचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या पहिल्या काही शिक्षकांपैकी एक. थोर वादकांच्या तबकड्या ऐकून त्यांचे आलाप शिष्याने वाद्य हाती घेण्यापूर्वी गळ्याने जसेच्या तसे म्हणावेत, स्वरच नव्हे तर त्यांतला श्वास आणि झोकही उचलावा, अशी त्यांची शिस्त होती. स्वतःचा आवाज हेच ज्या कलेचे दैवत, तिचा शिक्षक शिष्याला नक्कल करायला लावतो! ही विसंगती दिसते तितकी सोपी नाही, तिचा उलगडा पुढे करू.

ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका लहानशा क्लबात जॉर्डन गात असताना संगीतकार जॉर्ज रसेल यांनी त्यांना ऐकले. हा आवाज येतो कोठून, असे कुतूहल त्यांना वाटले आणि त्या दोघांनी पेनसिल्व्हेनियाच्या त्या खाणमुलखाला भेट दिली. तेथे एका म्हाताऱ्या खाणकामगाराने शीलाला विचारले, तू ‘यू आर माय सनशाइन’ अजून गातेस का? ते घराघरांतले साधे, गोड गाणे. १९६२ साली रसेल यांनी ‘द आउटर व्ह्यू’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याची विलक्षण मांडणी केली. वाद्यवृंद काही काळ आपल्या कठोर, अस्वस्थ स्वरांत बोलतो आणि मग सारे थांबते. त्या शांततेत एकटा, निराधार मानवी आवाज ते बाळबोध गाणे म्हणू लागतो. साथ नाही, ठेका नाही. सुखाचे म्हणून ठाऊक असलेले ते गाणे ऐकताना त्यातली याचना पहिल्यांदा कळते: सूर्यप्रकाशाचे गाणे जमिनीखाली राबणाऱ्यांच्या तोंडी का होते, हे कळते. प्रयोगशीलता म्हणजे चमत्कृती, असा समज असलेल्याने हा प्रयोग ऐकावा. त्यात नवे असे काही जोडलेले नाही. गाण्यावर साचलेली सवय तेवढी झाडून काढली आहे.

त्याच वर्षी त्यांची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘पोर्ट्रेट ऑफ शीला’, तयार झाली. साथीला गिटार, डबल बास आणि ड्रम, पियानो नाहीच. एका गाण्यात तर केवळ बास आणि आवाज. पुढे हा दोघांचाच संवाद त्यांच्या गाण्याची ओळख बनला आणि आरिल्ड अँडरसन, हार्वी स्वार्ट्झ, कॅमेरॉन ब्राउन अशा बासवादकांबरोबर त्या तो अनेक वर्षे करीत राहिल्या. पियानो गाणाऱ्याच्या पायाखाली स्वरांची फरसबंदी घालून देतो. बास एका वेळी बहुधा एकच स्वर देतो. मधल्या रिकाम्या जागेतील सारी स्वरसंगती गाणाऱ्याला मनात ऐकावी लागते. आधार कमी केला की मोकळीक वाढते, आणि जबाबदारीही तेवढीच वाढते. स्वातंत्र्याची याहून नेमकी व्याख्या मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही क्वचितच भेटली आहे.

४

या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर स्वतःच्या नावाची दुसरी निघायला १९७५ साल उजाडले. मधली सुमारे तेरा वर्षे, आणि त्यापुढेही बरीच, शीला जॉर्डन कचेरीत टंकलेखन करीत होत्या. जाहिरातीच्या व्यवसायातली ही नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९८७ साली, सुटली. दिवसा टाइपरायटर, घरी मुलगी, आठवड्यातून एखाद-दोन रात्री क्लबात गाणे, असा हा क्रम होता. दारूच्या व्यसनाशीही त्यांनी झुंज दिली आणि ती गोष्ट पुढे लपवली नाही.

अशा हकीकतीवर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया होतात. एक म्हणते, पाहा, समाजाने केवढ्या प्रतिभेची माती केली! दुसरी म्हणते, पाहा, केवढी तपश्चर्या! पहिलीत तथ्य आहे. या गायिकेला तिच्या उमेदीच्या वर्षांत जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही, ही हानी खरी आहे. तिच्यावर कोणत्याही तत्त्वज्ञानाने पांघरूण घालू नये. दुसरीची मला धास्ती वाटते. कलावंताच्या हालअपेष्टांना तपश्चर्या म्हटले की त्या थांबवण्याची जबाबदारी आपोआप टळते. संगीत नाटकांच्या काळातल्या कित्येक नटगायकांचे उत्तरायुष्य आपण असेच ‘त्याग’ या शब्दाखाली झाकून टाकले आहे.

स्वतः जॉर्डन या दोन्ही टोकांपासून दूर राहिल्या. संगीत तुम्हांला पोसू लागेपर्यंत तुम्ही संगीताला पोसा, असा त्यांच्या विद्यार्थ्यांना केलेल्या उपदेशाचा आशय होता. या वाक्याचा ताळेबंद नीट पाहावा. येथे संगीत हे मागणी करणारे दैवत नाही आणि मिळकतीचे साधनही नाही; ते अंगावर वाढणाऱ्या मुलासारखे आहे. मुलाला आपण पोसतो, ते त्याने उद्या आपल्याला पोसावे या एकाच हिशेबाने नव्हे. पण त्याने पोसले तर त्यात कमीपणा मानत नाही. ज्या गाण्यावर घरभाडे अवलंबून नव्हते, त्या गाण्याला श्रोत्यांची मनधरणी करावी लागली नाही. कचेरीतल्या टाइपरायटरने त्यांचे तास घेतले, पण गाण्याचे स्वातंत्र्य राखले. हा सौदा न्याय्य होता असे मी म्हणत नाही. तो डोळसपणे केलेला होता, एवढेच म्हणतो.

५

१९७८ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांनी जॅझ गायन शिकवायला आरंभ केला आणि २००५ पर्यंत तेथे शिकवले. जॅझ गायनाला विद्यापीठात स्वतंत्र स्थान ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँट येथील उन्हाळी शिबिरांतूनही त्यांनी अनेक पिढ्यांना शिकवले. ज्या बाईंचे स्वतःचे शिक्षण ज्यूकबॉक्ससमोर, क्लबांच्या मागच्या बाजूला आणि एका अंध शिक्षकाच्या खोलीत झाले होते, त्यांच्या वर्गाला आता वेळापत्रक होते आणि परीक्षाही होत्या.

जॅझला विद्यापीठात नेऊन आपण त्याचा गळाच आवळला, अशी तक्रार अनेक जाणकार करतात. पूर्वी प्रत्येक शहराचा, प्रत्येक रस्त्याचा आवाज निराळा होता. आता सारे पदवीधर एकाच पुस्तकातले वाक्प्रचार सफाईने बोलतात. तक्रार निराधार नाही. बेटी कार्टर यांनी तर तरुण वादकांना आपल्या वाद्यवृंदात घेऊन रंगमंचावरच घडवले आणि १९९३ साली नवोदितांसाठी ‘जॅझ अहेड’ हा उपक्रम सुरू केला. त्यांच्या मते खरे विद्यापीठ श्रोत्यांसमोरच होते. मग वर्गात काय शिकवायचे?

जॉर्डन यांच्या शिकवण्याचा पाया अगदी जुन्या वळणाचा होता. आधी मूळ धून, रचनाकाराने लिहिली तशी, अचूक शिका. शब्द समजून घ्या. ते शब्द तुमच्या तोंडी खरे वाटतात का, हे पाहा. गायकांइतकेच वादकांना ऐका. आणि एवढे झाल्यावर ती धून मोडायला हात घाला. जी गोष्ट आपण नीट सांभाळलेली नाही, ती मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही या क्रमामागची नीती. त्या स्वतः रंगमंचावर ऐन वेळी शब्द रचत. आपले बालपण, आपले गुरू, समोर बसलेली माणसे यांना गाण्यात ओवत. पण ते इतरांनी उचलावे असे तंत्र नव्हते. दुसऱ्याच्या बालपणावर कोणाला गाता येणार?

आता ट्रिस्टानोंच्या शिस्तीतली ती विसंगती सुटू शकते. पार्करचा आलाप श्वासासकट गळ्यात उतरवण्याचा प्रयत्न करणारा विद्यार्थी एका जागी अडतो. तेथे त्याचा श्वास पुरत नाही, त्याचा गळा वळत नाही. त्या अडण्याच्या जागी त्याला स्वतःची पहिली ओळख होते. संपूर्ण साधलेली नक्कल काही शिकवत नाही. प्रामाणिकपणे फसलेली नक्कल पुष्कळ शिकवते. शिक्षकाचे काम त्या फसण्याच्या क्षणी सुरू होते. तेथे तो ‘चुकले, पुन्हा म्हण’ असे म्हणू शकतो किंवा ‘थांब, हे काय झाले ते दोघे ऐकू या’ असे म्हणू शकतो. त्या एका निवडीत त्याची सारी नीती सामावलेली असते.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन सभा जिंकीत. त्यांना मुंबईस बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवले गेले. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य, परंतु त्यांनी अनेक घराण्यांच्या गवयांकडून विद्या मिळवली होती आणि शिष्यालाही एकाच दारात बांधून ठेवले नाही. पुढे क्षयाने १९४७नंतरची काही वर्षे देवासला अंथरुणावर गेली, गाणे बंद झाले, खिडकीतून माळव्याची लोकगीते कानांवर पडत राहिली. आजार सरल्यावर जे कुमार गंधर्व गाऊ लागले, ते कोणाचीच नक्कल नव्हते. फुप्फुसाची शक्ती उणावली होती, म्हणून श्वास आखूड झाला. आणि त्या आखूड श्वासातूनच त्यांची ती अकस्मात उसळणारी, मधेच थांबणारी गायकी आकाराला आली. घराणे ही आपल्याकडची थोर संस्था आहे, विद्येचे जतन तिनेच केले. पण घराण्यात गुरूचा आवाज हाच कित्येकदा अभ्यासक्रम ठरतो आणि शिष्य गुरूचे दोषदेखील निष्ठेने उचलतो, हेही आपण पाहिले आहे. जॅझमध्ये शिष्य गुरूसारखा गायला की ते अपयश; आपल्याकडे पुष्कळदा तीच धन्यता. दोन्ही परंपरांनी एकमेकींकडून थोडे घेण्यासारखे आहे. तशी गाठभेट क्वचित झालीही आहे: मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली १९७१ साली ऑर्नेट कोलमन यांच्यासारख्या मुक्त जॅझच्या प्रवर्तकाच्या ध्वनिमुद्रणात गायिल्या, आणि त्या गाण्यात भारतीय शिक्षण घेतलेला गळा आपले मूळ न लपवता परक्या घरात सहज वावरताना ऐकू येतो.

६

एका व्यक्तीवरून सिद्धांत बांधू नये, म्हणून आणखी दोघींचा उल्लेख करतो.

जीन ली (१९३९–२०००) या कृष्णवर्णीय गायिकेने बार्ड कॉलेजातील आपला सहाध्यायी पियानोवादक रॅन ब्लेक याच्यासह १९६२ साली ‘द न्यूएस्ट साउंड अराउंड’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. फक्त पियानो आणि आवाज; दोघांमध्ये भरपूर शांतता. पुढे त्यांनी शब्द फोडून त्यांतली अक्षरे, अक्षरांतला श्वास, ओठांचा आणि जिभेचा आवाज हेच गाण्याचे द्रव्य केले. याच बाईंनी १९७२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, नेदरलँड्समधल्या हेग येथील संगीतविद्यालयात शिकवले आणि आयुष्याच्या अखेरीस मुलांसाठी जॅझचा इतिहास लिहिला. सर्वांत अवघड गाणारी गायिका मुलांसाठी लिहिते, यात विसंगती नाही. मूल बोलायला शिकण्यापूर्वी जे करते, त्याच्याकडेच त्यांचे गाणे परत जात होते.

जे क्लेटन (१९४१–२०२३) यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून आपला आवाज परतवून, दुणावून त्याच्याशीच संवाद केला. स्टीव्ह राइश यांच्या रचनांत वाद्यांमध्ये मिसळून जाणारा निःशब्द स्वर दिला. आणि सिएटलच्या कॉर्निश कला महाविद्यालयात वीस वर्षे शिकवले. त्यांनी गायकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आपली गोष्ट गा’ असा आहे.

तिघींच्या गाण्यांत साम्य जवळजवळ नाही. शिकवण्यात मात्र आहे. तिघींनीही आवाज ही शरीराची, आणि म्हणून एकेका माणसाची, बाब मानली. व्हायोलिन दुसऱ्याला उसने देता येते. गळा देता येत नाही. वाद्य शिकवणारा शिक्षक शिष्याच्या हातातील वस्तूविषयी बोलतो, गाणे शिकवणारा त्याच्या देहाविषयीच बोलत असतो. ‘तुझा आवाज बरा नाही’ हे वाक्य ‘तू बरा नाहीस’ या वाक्याच्या फार जवळ येते. ते उच्चारणाऱ्याला आपल्या शब्दाचे वजन ठाऊक असले पाहिजे.

७

आता माझी गोष्ट. महाविद्यालयात शिकवत असताना एका वर्षी एका विद्यार्थ्याने संतकवितेवर निबंध लिहून आणला. मुलगा खेड्यातून आलेला, अबोल, अत्यंत कष्टाळू. निबंध वाचताना मी प्रसन्न होत गेलो. वाक्ये डौलदार होती, युक्तिवाद रेखीव होता, विशेषणे नेमकी होती. मी त्याला वर्गात सर्वाधिक गुण दिले आणि निबंध सर्वांना वाचून दाखवला. त्यात मला इतके काय आवडले, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. ती वाक्ये माझी होती. व्याख्यानांतले माझे शब्द, माझे वळण, माझ्या आवडीनिवडी, इतकेच काय माझ्या वाक्याच्या शेवटी येणारा तो विशिष्ट हेलकावाही त्याने उचलला होता. त्याच्या घरी तीन पिढ्यांची वारी होती. त्याच्या आजीला शेकडो अभंग पाठ होते. निबंधात ती आजी कोठेच नव्हती. ते घर सोडून तो माझ्या घरात राहायला आला होता आणि मी त्याला त्याबद्दल बक्षीस दिले होते.

पुष्कळ वर्षांनी तो भेटला. तोही आता शिकवतो. बोलता बोलता हसून म्हणाला, “सर, मी अजूनही तुमच्यासारखंच लिहितो.” त्याने ते कृतज्ञतेने म्हटले होते. मला मात्र आपण कोणाचे तरी काही घेऊन विसरलो आहोत आणि धनी आपले आभार मानतो आहे, असे वाटले. “तुमच्या आजी कशा आहेत?” एवढेच मी विचारू शकलो. त्या वारल्या होत्या.

या प्रसंगाकडे मी अनेक अंगांनी पाहिले आहे. मी त्याच्यावर काही लादले नव्हते, असे स्वतःला सांगून पाहिले. ते खरे आहे आणि पुरेसे नाही. अनुकरण हा शिक्षणाचा आरंभ असतोच, असेही म्हणून पाहिले. तेही खरे आहे. माझा दोष त्याने अनुकरण केले यात नव्हता. ट्रिस्टानोंच्या शिष्यांनीही अनुकरणच केले. दोष हा की त्याच्या निबंधात माझाच आवाज परत आला, तेव्हा मला तो ओळखू आला नाही; तो गोड तेवढा वाटला. कोठे तरी त्याचे वाक्य अडखळले असेल, एखाद्या ओळीत आजीचा शब्द चुकून आला असेल, आणि मी तेथे लाल शाईने खूण केली असेल. बहुधा केलीच असेल. त्या खुणेच्या जागी खरा निबंध सुरू होत होता.

शीला जॉर्डन ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारल्या, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने २०१२ साली त्यांना ‘जॅझ मास्टर’ हा सर्वोच्च बहुमान दिला होता. उतारवयातही त्या गात आणि शिकवत राहिल्या. त्यांच्या निधनाची वार्ता वाचली तेव्हा मला पार्करचे ते उद्गार आठवले, आणि आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे जे काही उत्तर माझ्याजवळ आहे, ते त्यातच आहे असे वाटले. आवाज कोणी कोणाला देऊ शकत नाही, म्हणून तो शिकवताही येत नाही. शिकवता येते ते ऐकणे. आणि तेही सांगून नाही, तर शिष्याला स्वतः ऐकून. ज्याला आयुष्यात एकदा कोणी नीट ऐकले आहे, त्याला आपला आवाज आहे याची खात्री पटते. मग तो वापरायचा कसा हे त्याचे तो पाहतो. पार्करनी एका भेदरलेल्या मुलीला असे ऐकले होते. तिने पुढे सत्तावीस वर्षे एका वर्गात तेच केले.

निवृत्त झाल्यावरही अधूनमधून कोणी विद्यार्थी लिहिलेले काही घेऊन माझ्याकडे येतो. मी आता लाल शाई वापरत नाही. त्याला मोठ्याने वाचायला सांगतो आणि तो कोठे अडखळतो, याची वाट पाहत बसतो.